काकांच्या ऑपरेशनआधीचे आठवडे

खारघर, रविवार

प्रिय वंदना,

तुझा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते, धड बोलता आलं नाही. "केमोने अंग पोखरलंय, आता पोट उघडलं तर माणूस टेबलावरच जाईल," असं काकांच्या जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल कुणीतरी काकूंच्या डोक्यात घातलं आणि त्या रात्रभर रडल्या, हे ऐकून जीव तुटला. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

ही शंका डॉक्टरांनाही होती, म्हणून ती तपासली गेली. २००६ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. रुग्ण ५०३. निम्म्यांना ऑपरेशनआधी आणि नंतर केमो, बाकीच्यांचं थेट ऑपरेशन. ऑपरेशननंतरची गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी, ४६ आणि ४५ टक्के. महिन्याभरात दगावणारे दोन्हीकडे सहा टक्क्यांच्या आत. आणि पाच वर्षांनी हयात असलेले केमोवाल्यांत ३६ टक्के, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत २३. काकांना दिलेली फ्लॉट नावाची केमो ही त्यानंतरची. ७१६ रुग्णांवरच्या जर्मन अभ्यासात तिने त्या जुन्या केमोलाही मागे टाकलं, २०१९ मध्ये ते छापून आलं.

आधी केमो का, हेही काकूंना सांग. जठर काढल्यावर माणूस इतका थकतो की पुढचे डोस झेपत नाहीत. या दोन्ही अभ्यासांत सगळे डोस पूर्ण करू शकलेले निम्म्याहून कमी होते. म्हणजे आधी मिळालेली केमो हीच पदरात पडलेली केमो.

तरी मी निर्धास्त राहा म्हणणार नाही. अशा अभ्यासांत बऱ्यापैकी धडधाकट माणसं घेतात. काकांनी सत्तरी ओलांडलीय, वजन घटलंय, वर्षानुवर्षांची मिश्री आहे. भूल देताना मला केमोपेक्षा या गोष्टींची धास्ती जास्त वाटते. संपूर्ण जठर काढलं तर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. तो सांधा सुटला, गळू लागला, तर ताप येतो, नाडी धावते, पोटात पू होतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, स्नायू झडलेले, तर तो सांधा भरायलाही वेळ लागतो आणि छातीत कफ साठून न्यूमोनियाही होतो. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल, तर आधी आठवडा-दोन आठवडे पोषण देऊन मग ऑपरेशन करणं शहाणपणाचं ठरतं. तारीख त्यासाठी पुढे गेली तर घाबरू नका.

शेवटच्या डोसनंतर साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. तेवढ्यात पांढऱ्या पेशी सावरतात. हा काळ नुसता वाट बघण्याचा नाही, वंदू! काका एका वेळी जास्त खाऊ शकत नाहीत, मग दर दोन तासांनी थोडं थोडं द्या: अंडं, पनीर, मुगाचं घट्ट वरण, वाफवलेली सुरमई, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. कॅन्सरला साखर चालत नाही म्हणून गोड बंद आणि नुसते रस, असले सल्ले देणाऱ्यांना तू सरळ गप्प कर. आणि काकांना माझं नाव सांगून सांग, या महिन्यात संकष्टी नाही. गणपती रागावणार नाही.

मिश्री आजपासून बंद. फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं फुंकणीयंत्र मेडिकलमध्ये मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, बहुतेक लोक उलटंच करतात. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी, दमले तर कोपिनेश्वराच्या देवळात बसून मग दुसरी. एक पाय सुजला किंवा अचानक धाप लागली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. कॅन्सर आणि केमोमुळे रक्ताची गुठळी होते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं, पाठीत सुई देण्याआधी आम्हाला ते माहीत हवं असतं.

सर्जनला भेटशील तेव्हा विचार: जठर पूर्ण काढणार की काही भाग? अशी ऑपरेशनं इथे नियमित होतात का? गळती झालीच तर रात्री सीटी स्कॅन आणि आयसीयू हाताशी आहे का? घराजवळच्या हॉस्पिटलपेक्षा या उत्तरांना जास्त किंमत दे. दुसरं मत हवं असेल तर इथे खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, मी सोबत येईन.

अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन आणि आजचं वजन मला व्हॉट्सअॅपवर पाठव. फाइल घेऊन शनिवारी ये, काकूंनाही आण. जेवायलाच या.

तुझी,
मीनल