न रिकाम्या होणाऱ्या खाटा: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी मुंबईत २७ वर्षं हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरं चालवायला आपल्याकडे कुणी शिकवत नाही, हे निरोप समारंभात बोलायचं होतं, पण प्राचार्य शाल-श्रीफळ घेऊन बाजूलाच उभे होते, राहून गेलं. म्हणून हे पत्र.

दर वर्षी पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक गणित मांडायचे. शंभर खाटा, महिन्याचे तीस दिवस, इतके पेशंट आले, इतके गेले. त्यातून दोन आकडे काढायचे: खाटा किती टक्के भरलेल्या होत्या आणि एक पेशंट सरासरी किती दिवस राहिला. मग सांगायचे, चांगला प्रशासक या दुसऱ्या आकड्यावर डोळा ठेवतो. पेशंट बरा होऊन वेळेत घरी गेला की खाट मोकळी होते, कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर ताटकळलेल्याला जागा मिळते. हॉस्पिटलपुरतं हे बरोबरच आहे, आजही मी तेच सांगेन. पण ते गणित हॉस्पिटलच्या दाराशी संपतं, हे मला माझ्या आईच्या डिस्चार्जच्या दिवशी कळलं.

आई तेव्हा ८४ वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं, आता घरी न्या." घर म्हणजे गिरगावातली चाळ. तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. चौघांनी खुर्चीत बसवून वर नेली, आणि त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी कधी खाली उतरली नाही. घरी रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या तीन बायका महिन्याभरात बदलल्या. माझी नोकरी चालू होती. शेवटी लोकलने दीड तासावरचं एक ठिकाण मिळालं. पाटीवर 'केअर सेंटर'. नाव लिहीत नाही, लिहिलं की प्रश्न त्या एका घराचा होऊन बसतो.

तिथे भिंतीवर खिळ्याला सुतळीने एक वही टांगलेली असायची. कूस बदलल्याची वही, एकाच कुशीवर पडून जखमा होऊ नयेत म्हणून. प्रत्येक माणसाची एक ओळ, दर दोन तासांचा एक रकाना, रकान्यात बरोबरची खूण. जुलैतल्या एका शनिवारी दुपारी चारला मी गेले आणि सहज वही उघडली. संध्याकाळी सहाच्या रकान्यात खुणा होत्या. आठच्याही. रात्री दहाच्याही. एकाच निळ्या पेनच्या, एका दमात ओढलेल्या. मी आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या.

मावशींवर मी ओरडले. त्या भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. आदल्या रात्री आठपासून त्या एकट्या ड्यूटीवर होत्या. रिलीव्ह करायला येणारी बाई पावसाने गाड्या अडकल्या म्हणून आलीच नव्हती. घरात १८ माणसं, त्यातली ११ अंथरुणाला खिळलेली. मी शिक्षिका, मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका माणसाची कूस बदलणं, डायपर पाहणं, चादरीची चुणी काढणं, दोन घोट पाणी पाजणं यात दहा मिनिटं धरा. अकरा जणांची एक फेरी ११० मिनिटांची. पुढची फेरी सुरू व्हायला उरली दहा मिनिटं, त्यात बाकीच्या सात जणांचं खाणंपिणं, औषधं आणि हिची स्वतःची लघवी. अशा वीस तासांनंतर त्या बाईने खुणा आधीच करून ठेवल्या, तर मी तिला काय बोलणार होते?

मॅनेजरच्या खुर्चीत मालकांचा भाचा बसायचा. बी.कॉम., वागायला गोड, पावत्या चोख. अंथरुणाला खिळलेल्या अमुक माणसांमागे रात्री अमुक हात लागतात, रिलीव्हर आली नाही तर दुसरी कुठून आणायची हे आधीच ठरलेलं असावं लागतं, हा हिशेब त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याच्यावरही मला धड चिडता येईना. मी स्वतः दोन वर्षं सोडली तर हे कुठे शिकवलं होतं?

त्या दोन वर्षांची गोष्ट अशी. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांचे अभ्यासक्रम वाचून मी आमच्याकडे 'दीर्घकालीन शुश्रूषा व्यवस्थापन' असा ऐच्छिक विषय मांडला होता. तिकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल नव्हे, दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांचं घर; १९६७ च्या कायदादुरुस्तीपासून त्याच्या प्रशासकाला राज्याचा परवाना लागतो. परीक्षा द्यावी लागते, बहुतेक ठिकाणी अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली काही महिने उमेदवारी करावी लागते. परवाना लागतो म्हणून विद्यार्थी येतात, विद्यार्थी येतात म्हणून प्राध्यापकाची जागा निघते, आणि त्या जागेवरचा माणूस आयुष्यभर हाच विषय शिकवतो, त्यावर संशोधन करतो. तिथे सगळं गोडच आहे, असं मात्र समजू नका. परवाने येऊन वीस वर्षं होत आली तरी हेळसांडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत, तेव्हा १९८७ मध्ये त्यांना आणखी कडक कायदा करावा लागला. त्यानंतर प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी होऊ लागली: गिळता येतं का, पडायची भीती किती, कातडी कुठे लाल झाली आहे. माझ्या आईच्या पाठीकडे असं ठरवून कुणी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी सात मुलांनी हा विषय घेतला, दुसऱ्या वर्षी तिघांनी. त्यातल्या सगळ्यात हुशार मुलीने तोंडावर विचारलं, "मॅडम, विषय आवडला, पण प्लेसमेंटला कोण येणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती एका टीपीएमध्ये, म्हणजे आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीत, क्लेम तपासायला गेली, पगार चांगला मिळाला. तिसऱ्या वर्षी 'किमान विद्यार्थीसंख्या नाही' असा शेरा मारून विषय बंद झाला. अभ्यास मंडळाच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "वृद्धाश्रम हा समाजकार्याचा विषय, आपण आरोग्यवाले." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

साहेब, खरी मेख त्या वाक्यात आहे. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे. नर्सिंग होम १९४९ च्या नोंदणी कायद्याखाली, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि मुंबईत महापालिकेकडे. माणसं शिकवायची ती आपल्या विभागाने. आई होती तिथे मी दोन्हींपैकी कुठली तरी नोंदणी दाखवा म्हटलं, तर संस्थेच्या नोंदणीचा एक कागद पुढे आला. तो भजनी मंडळालाही मिळतो.

ज्येष्ठांचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा म्हणतो. मुंबईत दोन जिल्हे, म्हणजे ३०० जागा. पण कायद्याची भाषा शासन वृद्धाश्रम 'काढू शकेल' अशी आहे, 'काढील' अशी नाही, आणि ते चालवणाऱ्याचं शिक्षण काय असावं यावर त्यात एक ओळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात अशा घरांची नोंदणी आणि किमान निकष होते. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांपर्यंतचं कवच मिळालं. चांगलं झालं. पण ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. "आता घरी न्या" हे वाक्य उच्चारलं गेलं की पुढची दोन, पाच, आठ वर्षं कुणाच्याच खात्यावर नाहीत.

आणि माणसं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे १ कोटी १० लाखांवर होते. आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांवर प्रौढ आणि वृद्धांची पाहणी केली. तिथून हाकेच्या अंतरावर टाटा समाज विज्ञान संस्थेत हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन शिकवतात. मोजणारे देवनारला, शिकवणारे देवनारला, आणि आमची म्हातारी माणसं बदलापूर-विरारच्या पुढे, पावत्या लिहिणाऱ्या भाच्याच्या भरवशावर.

कोर्स काढा, एवढंच मागितलं तर तो माझ्या विषयासारखाच तिसऱ्या वर्षी मरेल. आधी नोकरी तयार करा. अंथरुणाला खिळलेली दहापेक्षा जास्त माणसं जिथे ठेवली जातात, तिथे पाटीवर काहीही लिहिलेलं असो, एक प्रशिक्षित प्रशासक नावानिशी जबाबदार असलाच पाहिजे, असा नियम तिन्ही खात्यांनी एकत्र बसून करावा. त्याला तीन-चार वर्षांची मुदत द्या, म्हणजे आत्ता चालू असलेली घरं बंद पडणार नाहीत. छोट्या घरांची मला काळजी आहे. तिथले बरेच लोक मनाने चांगले असतात, फक्त त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांना फी परवडेल असं बघा, नाहीतर हे शिक्षणही मोठ्या बिल्डरांच्या 'सीनियर लिव्हिंग'वाल्यांपुरतंच राहील.

मग कोर्स. एक वर्षाचा, त्यातले सहा महिने अशाच एखाद्या शुश्रूषेच्या घरात, आणि त्या सहा महिन्यांत निदान पंधरा रात्रपाळ्या. ऑनलाइन सर्टिफिकेट नको, कूस कशी बदलतात ते व्हिडिओत कळत नाही. जे.जे. आपल्याच विभागाचं आहे आणि वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिथलं ग्रँट मेडिकल कॉलेज पहिल्यापासून प्रादेशिक केंद्र आहे. सुरुवात तिथूनच होऊ शकते. आणि शिकवणाऱ्यांच्या निदान दोन कायम जागा मंजूर करा. तासिका तत्त्वावर आलेला माणूस तास घेतो आणि पुढच्या कॉलेजकडे पळतो. नवा विषय रुजवायला कुणीतरी दहा वर्षं एका जागी बसावं लागतं.

अभ्यासक्रमाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. त्यातलं पहिलंच प्रकरण माझ्या फळ्यावरच्या गणिताला उलटं करतं. इथे सरासरी मुक्काम जितका लांबेल तितकं बरं, कारण या खाटा बहुतेक वेळा एकाच कारणाने रिकाम्या होतात. माझ्या आईची झाली, त्या जुलैनंतर सात महिन्यांनी. जखम तोवर भरत आली होती, हे त्याच मावशींचं श्रेय. नंतर त्यांनी ती रोज धुतली.

अधिवेशन संपलं की अर्धा तास द्या. मी चर्नी रोडला राहते, मंत्रालयात यायला फार वेळ लागत नाही. येताना मसुदा आणीन, आणि त्या वहीच्या पानाचा फोटोही. तारीख आणि रकाने त्यात स्पष्ट वाचता येतात.

कळावे,
आपली,
हॉस्पिटल व्यवस्थापनाची एक निवृत्त प्राध्यापिका,
गिरगाव, मुंबई