आणखी पाच वर्षे

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवरच सांगायचे ठरवले होते, पण बाबांचा दमलेला आवाज ऐकला आणि शब्द घशातच राहिले, म्हणून पत्र लिहिते आहे. तिकडच्या महाविद्यालयातली शिकवण्याची ती जागा मी स्वीकारलेली नाही. इथल्या प्रयोगशाळेत आणखी पाच वर्षे राहण्याच्या करारावर मी परवा सही केली. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते तर तुम्ही दोघे 'तुला योग्य वाटेल ते कर' एवढेच म्हणाला असता, आणि त्या वाक्यामागे किती काही गिळलेले असते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

आई, मी नेमके काय करते ते तुला कधी नीट सांगितलेच नाही; 'माश्यांवर काम करते' एवढ्यावरच तुझी बोळवण केली. खरे तर माझे पहिल्या वर्षीचे शिक्षण तुला चटकन समजले असते, कारण तू बाबांच्या शर्टांना खळ करायचीस तसेच ते होते. बटाट्याचा स्टार्च क्षार मिसळलेल्या पाण्यात ढवळत उकळायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आतली हवा पंपाने ओढून काढायची आणि ती दाट खळ चपट्या साच्यात ओतून गार करायची. मग एकेक फळमाशी थेंबभर पाण्यात चिरडून तो रस टिपकागदाच्या कपट्यावर घ्यायचा, कपटे चिरेत ओळीने उभे करायचे आणि थंडीत काही तास वीज सोडायची. ज्या प्रथिनावरचा विद्युतभार वेगळा, ते वेगळ्या वेगाने सरकते. शेवटी रंगाचे द्रावण ओतून अंधारात ठेवले की जिथे एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, काम करत असते तिथेच जांभळी पट्टी उमटते. काही एन्झाइमे दोन घटक जोडून बनतात. आईकडून एक प्रकार आणि बापाकडून दुसरा मिळालेल्या माशीत दोन पट्ट्या दिसतील असे वाटते, पण दिसतात तीन: एक निव्वळ आईकडची, एक निव्वळ बापाकडची, आणि मधली दोघांचा एकेक घटक मिळून झालेली, बहुधा सर्वांत गडद. पहिल्यांदा ती मधली पट्टी उमटताना पाहिली, तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नव्हते.

१९६६ मध्ये शिकागोत ल्युऑन्टिन आणि हबी या शास्त्रज्ञांनी अशाच पट्ट्या पाहून फळमाश्यांच्या १८ जनुकांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश जनुकांत विविधता निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिस यांनी माणसांतली १० एन्झाइमे तपासली आणि ३ मध्ये ती सापडली. एवढी विविधता असेल असे फार थोड्यांना वाटले होते. ती टिकते कशी, यावर तेव्हापासून वाद आहे. जपानी शास्त्रज्ञ किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना उपयोगी ना अपायकारक असतात, केवळ योगायोगाने कमी-जास्त होत राहतात. मलाही बहुतांशी तेच पटते. पण अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमच्या बाबतीत पटत नाही, आणि माझी एवढी वर्षे त्या एकाच एन्झाइममागे गेली. १९८३ मध्ये क्रेटमन यांनी त्याच्या जनुकाच्या ११ प्रती वाचल्या. ४३ ठिकाणी फरक होता, पण प्रथिन बदलणारा फक्त एक. त्या एका फरकामुळे जलद आणि संथ असे दोन प्रकार होतात, आणि विषुववृत्ताकडे जावे तसे संथ प्रकाराचे प्रमाण वाढते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ही चढण वीसेक वर्षांत सुमारे ४ अंश अक्षांशाइतकी सरकल्याचे २००५ मध्ये दिसले. हवामान बदलले आणि माश्यांमधले प्रमाण त्याच्यामागून गेले.

हे तेव्हाच दिसते, जेव्हा कोणीतरी त्याच बागांमध्ये, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे जाळे घेऊन जाते. आमच्या बाईंनी इथे ती मालिका अखंड ठेवली. त्या आता निवृत्त झाल्या. एक वर्ष चुकले तर ते पुन्हा भरून काढता येत नाही, पैशानेही नाही आणि हुशारीनेही नाही. तिकडच्या जागेवर मी चांगले शिकवले असते, पण तिथे शिकवायला दुसरे कोणीतरी मिळेल; इथे या वर्षी बागेत जायला दुसरे कोणी नाही. हे कारण मी स्वतःला शंभर वेळा सांगितले आहे आणि दर वेळी खरेच वाटले आहे. तरीही रात्री तुमच्या जिन्याची आठवण येते.

माझी काळजी करू नका. खोलीत ऊन येते, झोप पुरेशी होते, शीतकपाटाशी काम करताना मी जाड हातमोजे घालते. सर्दी झाली की अजूनही आईने कपाळावर हात ठेवल्याशिवाय बरे वाटत नाही, त्यावर मात्र इथे उपाय नाही.

बाबा, आता तुमच्याविषयी. मी दहा वर्षांची असताना तापाच्या गोळ्यांनंतर तुमच्या लघवीचा रंग गडद तपकिरी झाला होता, डोळे पिवळे पडले होते, आणि तपासणीचा निकाल 'सर्व ठीक' असा आला होता. मला वाटते, ती तपासणी चुकीच्या वेळी झाली. रक्तपेशींना जपणारे जी-६-पीडी नावाचे एन्झाइम कमी असलेल्या माणसात अशा वेळी जुन्या रक्तपेशी फुटून जातात. उरलेल्या कोवळ्या पेशींमध्ये एन्झाइम जास्त असते, म्हणून निकाल फसवा येतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि बापाकडे एक्स एकच, त्यामुळे तो लेकीला मिळतोच. म्हणून गेल्या महिन्यात मी माझेच रक्त तपासून घेतले. काही पेशी एका तऱ्हेच्या निघाल्या, काही दुसऱ्या. इथे मधली पट्टी नसते, कारण प्रत्येक पेशी दोनपैकी एकच एक्स वापरते. काही पेशी आईच्या बाजूच्या आणि काही, मला खात्रीने वाटते, तुमच्या. घाबरू नका, जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही जाणवत नाही. यात तुमची काही चूक नाही, मला तर तुमच्याकडून काही मिळाल्याचे बरेच वाटते. दादाला तुमच्याकडून वाय मिळाला आहे, तेव्हा तुमच्या बाजूने त्याला काही धोका नाही.

मात्र आता माझे ऐकायचे. तब्येत ठणठणीत असताना ही तपासणी पुन्हा करून घ्या, या महिन्यातच. प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन ही तुम्ही टाळायच्या औषधांची नावे एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरांना औषधाआधी ते दाखवा. शेजाऱ्यांनी दिलेली गोळी घ्यायची नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आई आजच काढून टाकेल. आई, तू स्वतः मात्र स्टुलावर चढायचे नाहीस, दादाला सांग, आणि रात्री जिन्यातला दिवा चालू ठेव.

दर वर्षी माश्या गोळा करून झाल्या की मी सहा आठवडे तुमच्याकडे राहणार आहे. ते करारातही लिहून घेतले आहे. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. आणि ते कार्ड लिहून झाले की दादाच्या फोनवरून त्याचा फोटो पाठवा. बाबांच्या अक्षरातले हवे, आईने लिहिलेले चालणार नाही.

तुमची,
मनू