जुन्या घराच्या पायऱ्या

वेत्झिकॉन, स्वित्झर्लंड, १८ मे

प्रिय दत्तोबा,

सप्रेम नमस्कार.

तीन महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याचा राग मी परतल्यावर काढ. माझी साखर आटोक्यात आहे. काल लेकीने रोबेनहाउझेनला नेले आणि रात्रभर डोळा लागला नाही.

बघायला म्हटले तर तिथे काही नाही. तळ्याकाठी बोरू, ओलसर कुरणे, गाई. पण त्या दलदलीखाली पाच हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे लाकडी खांब आहेत. याकोब मेसिकोमर या शेतकऱ्याला १८५८ साली ते सापडले आणि गड्याने उरलेला जन्म तिथेच खणण्यात घातला. पाण्याने हवा अडवली, म्हणून जवसाच्या धाग्याचे कापडसुद्धा टिकले. संग्रहालयात काचेआड एक सफरचंद पाहिले: अर्धे चिरून वाळवलेले, जळून कोळसा झालेले, तरी बियांचे कप्पे स्पष्ट. आईचे माळवदावरचे वाळवण आठवले.

ही घरे पाण्यावरच्या माचांवर होती, असे फर्डिनांड केलर हा पुरातत्त्वज्ञ १८५४ साली म्हणाला. बरीचशी ओल्या काठावरच होती, असे नंतरच्यांनी दाखवले. आमच्या ओट्याला पायऱ्या तीन की चार, यावर तू आणि मी चाळीस वर्षे भांडतो आहोत, तसेच हे. मात्र खांब जागच्या जागी होते, म्हणून त्यांना भांडता तरी आले.

माझे दुखणे इथेच आहे. परवा धाकट्याचा फोन आला. उजनीचे पाणी उतरले आहे, आपले जोते उघडे पडले आहे, घडीव दगड ट्रॅक्टरने आणून गोठ्याला लावतो म्हणाला. मी टीव्ही बघता बघता ‘ने’ म्हणून मोकळा झालो. पळसदेवचे देऊळ पाण्याबाहेर आले की लोक बघायला जातात. आमच्या जोत्याकडे तुझ्यावाचून कोण बघणार? आता नको म्हणावे, तर गोठा त्याचा, कष्ट त्याचे, आणि मी इथे तळ्याकाठी हवा खाणारा.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीवांचे जमल्याचे कळले, आनंद झाला.

टपालाने हे पावसाळ्यात पोचेल, म्हणून लेक याचा फोटो पाठवते आहे. ट्रॅक्टर महिनाअखेरीस जाणार आहे. त्याआधी टेप घेऊन जा, जोत्याची लांबी-रुंदी मोजून कागदावर मांड, उंबरा कोणत्या दिशेला होता तेही लिही. पायऱ्याही मोज. चार निघाल्या तर मात्र मला कळवू नकोस.

तुझा,
विठ्ठल