ग्राइंडर घेताना दुकानातच तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी जवळ आली की नागपुरात कूलरच्या बॉडी आणि स्टँड बनवणाऱ्यांकडे कामाची गर्दी होते. लोखंड कापायचा-घासायचा जुना हातग्राइंडर ऐन वेळी दगा देतो आणि घाईघाईत नवा घेतला जातो. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते: किती वॅट आणि किती रुपये. मशीन किती टिकेल आणि कारागिराचा हात शाबूत राहील का, हे या दोन उत्तरांतून कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी मापाचे. 4 इंची म्हणजे 100 मिमीच्या मशीनला एम-10 आट्याचा स्पिंडल (चाक बसते तो दांडा) आणि 16 मिमी भोकाचे चाक लागते. ग्रील, कूलरचा स्टँड, पत्रा यांना ती पुरते. रोज सहा-आठ तास काम असेल, तर 125 मिमीची म्हणजे 5 इंची, 900 ते 1100 वॅटची मशीन घ्यावी. 4 इंचीवर तेच काम रेटले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळते आणि दोष कंपनीला दिला जातो. जाड वेल्ड घासायचे असतील तर 180 मिमी, म्हणजे 7 इंची. दिवसभर अँगल आणि पाइपच कापायचे असतील, तर ग्राइंडर नको, 14 इंची कटऑफ मशीन घ्या.

खरा धोका 5 आणि 7 इंचीच्या मध्ये आहे. 5 इंची मशीनचा स्पिंडल बहुधा एम-14, चाकाचे भोक 22.23 मिमी, 7 इंचीचेही तेच. म्हणजे गार्ड (चाकावरचे संरक्षक कवच) काढला की 7 इंची चाक 5 इंची मशीनवर आरामात बसते, आणि आपल्याकडे ते सर्रास बसवले जाते. 7 इंची चाकावर कमाल फेरे 8,500 च्या आसपास छापलेले असतात, 5 इंची मशीन मिनिटाला 11,000 फिरते. या वेगाला चाकाची कड सेकंदाला सुमारे 104 मीटर पळते. चाक बनवलेले असते 80 मीटरसाठी. चाक फाडणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे तो दीडपटीहून जास्त होतो. असे चाक फुटले तर तुकडा अडवायला गार्डही नसतो. घासून लहान झालेले 7 इंची चाक चालेल, असे म्हणणारे बरेच आहेत. तेही वापरू नये, ते त्या वेगासाठी बनलेलेच नाही. 4 इंचीवर बुश घालून 5 इंची चाक बसवणे हाही तसलाच प्रकार: चाक मध्यावर राहत नाही, थरथरते आणि अडकून झटका देते.

म्हणून दुकानात पहिल्यांदा गार्ड हातात घ्या. तो घट्ट बसतो का, हव्या कोनात फिरवून अडकवता येतो का, हे पाहा. पातळ पत्र्याच्या, दोन बोटांनी वाकणाऱ्या गार्डची मशीन परत द्या. साइड हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लागले पाहिजे.

मग वॅट. पेटीवर छापलेला आकडा मशीन ओढते त्या विजेचा असतो. चाकापर्यंत त्यातली निम्मी किंवा थोडी जास्तच पोहोचते. चांगल्या कंपन्या आउटपुट वेगळा देतात, तो पाहा. 850 वॅटची मशीन 230 व्होल्टला पूर्ण लोडवर 3.7 अँपियर घेते. अनोळखी मशीनवर 1000 वॅट लिहिलेले असेल, तर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून कटिंग करताना पाहता येते. मीटर 2.5 अँपियरला आणि मशीन मान टाकते, तर तो आकडा फक्त स्टिकरवरचाच.

यानंतर चाक आणि नट काढून मशीन दोन-तीन मिनिटे चालवून बघा. मागच्या जाळीतून कार्बनखाली (मोटरला घासत वीज देणाऱ्या तुकड्याखाली) बारीक निळसर ठिणगी दिसली तर हरकत नाही, नवा कार्बन बसेपर्यंत ती थोडी जास्तच असते. पण नारिंगी ज्वाळ कम्युटेटरला (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या कड्याला) वळसा घालत असेल, तर आर्मेचर खराब आहे. बंद करून, प्लग काढून स्पिंडल धरून हलवा. आडवा खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा त्याची बैठक ढिली आहे.

आणि एक तपासणी कोणीच करत नाही: स्विच चालू ठेवून प्लग काढा आणि पुन्हा लावा. मशीन आपोआप सुरू झाली, तर तिच्यात पुनःप्रारंभ रोखण्याची सोय नाही. उन्हाळ्यात लाइट जाते, कारागीर मशीन जमिनीवर ठेवून चहाला जातो. लाइट आली की तीच मशीन पायाजवळ नाचायला लागते. थोडे जास्त पैसे याच सोयीसाठी मोजावेत. नाहीतर निदान दाबून धरला तरच चालणारा पॅडल स्विच घ्यावा.

पार्ट्सचे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्बन, स्विच, आर्मेचर, फील्ड (मोटरचे न फिरणारे वाइंडिंग) आणि गिअरची जोडी नागपुरात मिळते का, मॉडेल नंबर सांगून विचारा. कार्बन 5 मिमीच्या आसपास उरला की दोन्ही एकदम बदलावेत. भलत्या कडक जातीचा कार्बन कम्युटेटर खरवडतो. जळलेले आर्मेचर रिवाइंड करून वापरणे स्वस्त वाटते, पण 4-5 इंची मशीनमध्ये ते मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फिरते. तोल न काढता बसवले तर बेअरिंग खाते. तोल काढून देणारा कारागीर नसेल तर नवेच घ्या.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार हवा. मे महिन्यात मशीन थंड होण्यासाठी ओढते तो वाराच 45 अंशांचा असतो. जोरात कटिंग झाल्यावर मिनिट-दोन मिनिट रिकामी फिरवून मग बंद करावी. लोखंडाची भुकटी वाइंडिंगवर साचते, म्हणून रोज संध्याकाळी चष्मा घालून मागच्या जाळीतून हवा मारावी. लाइनला 30 मिलीअँपियरचा ईएलसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. 10 अँपियर ओढणारी 7 इंची मशीन 30 मीटर लांब, 0.75 स्क्वेअर एमएमच्या वायरवर चालवली, तर वायरमध्येच सुमारे 15 व्होल्ट जातात. फेरे घटतात, पंखाही मंदावतो, कारागीर जास्त दाबतो आणि मशीन तापते. तिथे 2.5 स्क्वेअर एमएमची वायर घ्या.

चाकाच्या मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते, साधारण तयार झाल्यापासून तीन वर्षे. पावसाळ्यात ओल खाल्लेले चाक मुदतीच्या आतही कमजोर होते. 1 मिमीचे कटिंग चाक आडवे धरून घासायचे नाही. घासायला 6 मिमीचे चाक वेगळे. आणि कूलरवाल्यांनी वूडवूलचा (कूलरच्या जाळीत भरायच्या लाकडी गवताचा) ढीग ठिणग्यांच्या रेषेत ठेवू नये. ठिणगी आत शिरून धुमसते आणि धूर दिसतो तो दुकान बंद झाल्यावर.

शहरातल्या हार्डवेअर व्यापाऱ्यांना विनंती आहे: काउंटरवर एक चालू प्लग पॉइंट आणि क्लॅम्प मीटर ठेवा, गार्ड, साइड हँडल आणि पाना पेटीत असल्याशिवाय मशीन देऊ नका, आणि बिलावर मॉडेलसोबत सिरियल नंबरही लिहा.

— एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, हिंगणा मार्ग, नागपूर