दाढ दुखते, हे तिला सांगता येत नाही

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरच्या अल्झायमर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, फिरायला जा. सगळं ठीक. दातांबद्दल मात्र एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने आधी भाकरी सोडली, मग भात. घास गालात धरून बसायची. दात घासायला गेलो की हातावर फटका. रात्र रात्र ओरडायची. आजार वाढला असं आम्ही धरलं, झोपेची गोळीही वाढली. पाच आठवड्यांनी तिचे केस विंचरताना सूनबाई म्हणाली, "आईंच्या तोंडाला वास येतोय." बॅटरी लावून पाहिलं तर खालची दाढ हिरडीपर्यंत किडलेली, भोवती सूज.

बत्तीस वर्षं मी एसटीत वाहक होतो. भांडणारे प्रवासी शांत केले, पण बायकोला दातांच्या खुर्चीत बसवणं जमलं नाही. खुर्ची मागे झुकली की आपण पडतोय असं वाटून ती किंचाळायची. एका दवाखान्यात "तोंडच उघडत नाहीत, आम्ही काय करणार" म्हणून परत पाठवलं. दुसरा दवाखाना जिना चढून वर, तिथूनच परतलो. तिसऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, भूलतज्ज्ञ असल्याशिवाय यांना हात लावणार नाही. त्यांचं बरोबरच होतं.

शेवटी दोन तासांवरच्या शहरात सोय झाली. रक्त, ईसीजी, चालू गोळ्यांची यादी, सहा तास उपाशी. उपाशी का ते सांगितलं की दोन मिनिटांनी पुन्हा, "चहा ठेवा ना!" शिरेतून गुंगीचं औषध दिलं, हिरडीत बधिर करणारं इंजेक्शन वेगळं. अशा रुग्णाला पुन्हा पुन्हा गुंगी देणं बरं नव्हे, म्हणून डॉक्टरांनी एकाच बैठकीत तीन दाढा काढल्या, दोन दात भरले. पाऊण तास. नंतर काही दिवस गोंधळ वाढू शकतो, हे भूलतज्ज्ञांनी आधीच बजावलं होतं. तसंच झालं. दोन रात्री ती स्वतःच्या आईला शोधत घरभर फिरली. तिसऱ्या दिवशी मात्र पिठलं-भात खाल्ला आणि आणखी मागितला.

गाडीभाड्यासकट अठ्ठावीस हजार गेले. दातांचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, हे विमा कंपनीचं उत्तर.

या आजारात दिली जाणारी काही औषधं तोंड कोरडं पाडतात आणि लाळ कमी झाली की दात मुळाशी किडतात. सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती सांगितलं की तोंड उघडायची. तेव्हाच दंतवैद्यांकडे नेली असती, तर बहुधा गुंगीची वेळच आली नसती. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच चिठ्ठीवर 'दात तपासून घ्या' एवढं लिहावं.

आणि ज्यांची ती वेळ निघून गेली, त्यांच्यासाठी सरकारी दंत महाविद्यालयांनी व जिल्हा रुग्णालयांनी दंतवैद्य आणि भूलतज्ज्ञ एकत्र भेटतील असा आठवड्यातला एक वार जाहीर करावा. खोली तळमजल्यावर असावी, नंबर सकाळी लागावेत. दुपार कलली की हिला सांभाळणं फार अवघड होतं.

– एक निवृत्त एसटी वाहक, कराड