आधी खालून, मग वरून: कोपरीच्या गोधडीवाल्या मावशींना उघडं पत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

अलास्का आणि नॉर्वेच्या सहलीच्या बोटींवर ठाण्यातल्या ज्येष्ठांना सोबत करणाऱ्या आम्हा मंडळींकडून, तुम्ही शिवून दिलेल्या पांघरुणांबद्दल हे आभाराचं पत्र. मुद्दाम उघडं लिहितोय. तुमच्या शिलाईतली अक्कल आमच्याच बॅगांमध्ये बंद राहिली तर ती वाया जाईल. सहलीच्या याद्यांमध्ये 'गरम कपडे' एवढे दोनच शब्द असतात. पांघरुणाचं कोणी बोलत नाही, आणि डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या मजल्यावर, तासभर बसायचं म्हटलं की स्वेटरपेक्षा पांघरूणच जास्त कामाला येतं.

तुमचा पहिलाच नियम सगळ्यांत मोलाचा: आधी खालून, मग वरून. डेकवरची आरामखुर्ची पट्ट्यांची किंवा जाळीची असते आणि वारा तिच्या खालूनही वाहतो. वर दोन ब्लँकेटं घेतली तरी पाठ आणि मांड्या गार पडतात, कारण अंगाखाली आलेलं पांघरूण वजनाने दबतं. ऊब कापसात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते; दाबलं की हवा निघून जाते. म्हणून खाली फुगीर रजई कामाची नाही, तिथे गोधडीच हवी. जुन्या सुती साड्यांचे पाच थर आणि बोटभर अंतराने धावदोरा घातलेली गोधडी आधीच सपाट असते, तिला आणखी दबायला जागा नसते. पांघरताना जी तिची उणीव, तीच अंथरताना तिची ताकद. माप दोन फूट बाय पाच फूट पुरे. एकच सावधगिरी: सूत ओल ओढतं आणि डेकवरच्या खुर्च्या बहुतेक वेळा दमट असतात. तेव्हा गोधडीखाली 6 मिलिमीटर जाडीची योगा मॅट कापून टाकायची. ती पाणी पीत नाही आणि गारवाही अडवते.

आता वरचं. इथे लोक तापमानाचा आकडा बघून फसतात. बोट 20 नॉटने चालली की ताशी 37 किलोमीटरचा वारा तिने स्वतःच तयार केलेला असतो, बाहेर पान हलत नसलं तरी. हवा 10 अंश असेल तर एवढ्या वाऱ्यात ती उघड्या कातडीला 6 अंशांसारखी लागते. 5 अंशांची हवा ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात उणे 1 सारखी बोचते. अलास्कात ग्लेशियर बे किंवा हबर्ड हिमनदीपुढे बोट संथ होते, तेव्हा वारा थांबेल असं वाटतं. पण बर्फावरची जड, गार हवा उतारावरून थेट पाण्यावर घसरत येते. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जानेवारीत शाल पुरते, तो हिशोब इथे चालत नाही.

म्हणूनच फ्लीसचं ब्लँकेट घरात उबदार आणि डेकवर नुसती जाळी. फुगीरपणा आणि वाऱ्याला आड ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे तुम्ही कात्री हातात घेण्याआधीच ओळखलंत. तुमचं डेकचं पांघरूण चार फूट बाय सहा फूट. नेहमीची पाच बाय सातची रजई खुर्चीवरून लोळते, तिची कड ओल्या फरशीवर पडते आणि तिथून पाणी वर चढतं. आत 200 जीएसएमची (चौरस मीटरला 200 ग्रॅम) फायबर शीट, दोन्ही बाजूंनी वापरून मऊ झालेली सुती साडी, आणि बाहेरून छत्रीच्या जातीच्या नायलॉन कापडाची सुटी खोळ. सगळं मिळून वजन किलोच्या आसपास. कापूस भरला असता तर सागरी दवाने तो जड झाला असता, त्याचे गोळे झाले असते आणि केबिनमध्ये तो दोन दिवस वाळला नसता.

खोळ सुटी ठेवण्याचं कारण शिलाईवाल्यांनी नीट वाचावं. नायलॉनमधून रजईसारखे टाके घातले की सुईचं प्रत्येक भोक वाऱ्याची खिडकी होते. शिवाय जिथे टाका बसतो तिथे भरण चेपतं आणि त्या ओळीवर गारव्याची रेघ उमटते. त्यामुळे टाके फक्त आतल्या तीन थरांना, ओळींमध्ये चार इंच अंतर ठेवून. अंतर फार वाढवलं तर दोन-तीन धुण्यांत शीट सरकते. बोटभर ठेवलं तर रजई करायला घेऊन गोधडी हाती येते. दोरा पॉलिएस्टरचा, मशीनची सुई 14 नंबरची, टाका लांब. कडेला दोन इंचांचा गोट. खोळ आतल्या रजईला फक्त चार कोपऱ्यांत नाड्यांनी बांधलेली, म्हणजे धुवायला वेगळी निघते.

पायांकडच्या दीड फुटाच्या पिशवीबद्दल मात्र जरा सविस्तर. कल्पना साधी: खालची कड वर दुमडायची, पाय आत घालायचे, वारा तळव्यांकडून शिरत नाही. पहिल्या मापात पिशवी दोन्ही बाजूंनी शिवलेली होती. डेक डोलत असताना त्यात पाय अडकवून उठणं म्हणजे तोंडावर पडणं, आणि धोक्याचा भोंगा वाजला तर पाय सोडवत बसायला वेळ नसतो. तुम्ही दोन्ही बाजू उसवून तिथे रुंद वेल्क्रो लावलात: पाय बाहेर झाडला की बाजू आपोआप उघडते. टिचबटणं नकोत म्हणालात तेही बरोबर, हातमोजे घातलेल्या बोटांना ती सापडत नाहीत. वेल्क्रोचा काटेरी भाग बाहेरच्या बाजूला, नाहीतर तो लोकरी मोज्यांचे धागे ओढतो. आणि उठताना दोन्ही पाय फरशीवर टेकल्याशिवाय पांघरूण सोडायचं नाही, हे पांघरताना प्रत्येकाला सांगावंच लागतं.

खांद्याजवळच्या दोन लूपनी पांघरूण खुर्चीच्या दांड्याला अडकवायचं. वाऱ्याने उडालेलं ब्लँकेट समुद्रात जातं, नाहीतर मागच्या माणसाच्या तोंडावर. पुष्कळ बोटी डेकवर चौकटीची लोकरी ब्लँकेटं ठेवतात. ती मिळाली तर घ्यावीत, पण क्रम असा: अंगाजवळ लोकर, तिच्यावर तुमचं पांघरूण, नायलॉन सगळ्यांत बाहेर. उलट केलं तर लोकर सगळा वारा खाते.

घोंगडीबद्दल अनेक जण विचारतात. चिंचोक्याची खळ लावलेल्या ताण्यावर विणलेली देशी लोकरीची घोंगडी ओलीला घाबरत नाही. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि पावसात शेतकरी डोक्यावरून खोळ करून घेतो तशी डेकवर घेता येते. मान, कान, पाठ, तिन्ही एका घडीत झाकली जातात. अडचण वजनाची आणि टोचण्याची. पूर्ण भिजली तर विमानाच्या दिवसापर्यंत ती वाळत नाही; मग ते खरोखरच भिजत घोंगडं. सामानात जागा असेल तरच न्यावी, आणि आत सुती पंचा घ्यावा.

गरम पाण्याच्या पिशवीला तुम्ही शिवलेल्या जाड कव्हरांचे वेगळे आभार. इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि हीटिंग पॅड बहुतेक बोटींवर चालत नाहीत, चढतानाच काढून ठेवतात. आगीची भीती असते. रबरी पिशवी दोनतृतीयांश भरायची, उकळतं पाणी नको, बूच लावण्याआधी पिशवी आडवी दाबून हवा काढायची. मधुमेह असलेल्यांनी ती पायांशी ठेवू नये, पोटावर किंवा मांडीवर ठेवावी. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर भाजलेलं फोड आल्यावरच कळतं.

केबिनमध्ये एवढा थाट लागत नाही. तिथे जाड डुवे (फुगीर रजई) असतो, जादा ब्लँकेट स्टुअर्डकडे, म्हणजे केबिनच्या सेवकाकडे, मागितलं की मिळतं. जोडप्याला एकच मोठा डुवे दिला असेल तर दोन सिंगल मागून घ्यावेत, कारण दोघांच्या मधल्या तंबूतून गार हवा शिरते. उगाच तीन पांघरुणं घेऊन घाम काढू नये. घामट बनियनवर सकाळी डेकचा वारा लागला की हुडहुडी भरलीच. डेकवरचं पांघरूण रात्री बाल्कनीत वाळत घालायचं नाही. बाथरूममधली दोरी त्यासाठीच असते.

आता ठाण्याची खास अडचण. अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे बराचसा आपल्या पावसाळ्यात. जुलैत हवेतच एवढी ओल की कपाटातली रजई कोरडी वाटते आणि नसते. तशीच हवा काढायच्या पिशवीत कोंबली की दोन आठवड्यांत कुबट वास, पुढे बुरशीचे काळे ठिपके. तुमचा उपाय वजनकाट्याचा: मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवून पांघरुणाचं वजन करायचं, चिठ्ठीवर लिहून खोळीत टाकायचं, आणि निघण्याआधी पुन्हा तोलायचं. 50 ग्रॅम जास्त भरलं तरी आधी रात्रभर पंख्याखाली, नाहीतर लाँड्रीच्या ड्रायरमध्ये, पण कमी आचेवर. जास्त आचेवर फायबर आकसतो. डांबराच्या गोळ्या नकोत, बंद केबिनमध्ये तो वास सोसवत नाही. कडुनिंबाचा पाला पुरतो. बोटीवर पोचल्यावर पिशवी लगेच उघडून पांघरूण झटकायचं आणि तास-दोन तास पसरून ठेवायचं. चेपलेलं पांघरूण लगेच पांघरलं तर ऊब अर्धीच.

शेवटी हिशोबाचं. मजुरी तुम्ही साध्या गोधडीचीच लावता. खोळ, वेल्क्रो आणि पायाची पिशवी धरून हे जवळजवळ दुप्पट काम आहे, तेव्हा पुढच्या खेपेपासून दुप्पट लावा, आम्ही घासाघीस करणार नाही. नायलॉन उल्हासनगरच्या बाजारातून आम्हीच आणून देऊ. मार्चमध्ये नॉर्वेला जाणारी तुकडी आहे, तिला बारा पांघरुणं आणि बारा अंथरायच्या गोधड्या लागतील. त्यांत दोन माणसं सहा फुटांवरची आहेत, त्यांची लांबी एक फूट वाढवा. आणि खांद्याकडचे लूप एक वीत मोठे ठेवा, खुर्च्यांचे दांडे यंदा जाड आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
उत्तरेकडच्या बोटींवर ज्येष्ठांना सोबत करणारे ठाणेकर