ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ प्रा. पीटर आर्मिटेज यांना, एका स्टॅटिस्टिशियनकडून

आदरणीय आर्मिटेज सर,

२०२४ मध्ये तुम्ही गेलात, शंभरी अगदी तोंडावर आलेली असताना. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी आभार चारचौघांत मानावेसे वाटले, कारण औषधचाचण्यांत काम करणाऱ्या आम्हा मोजक्या मंडळींखेरीज तुमचं नाव इकडे फारसं कुणाच्या कानावर नाही.

मी मूळची गणितवाली. एम.एस्सी. करून या कामात आले तेव्हा गणित सोडून हिशेबनीस झाल्यासारखं वाटायचं. मग तुमची वाट कळली. गाव हडर्सफील्ड, केंब्रिजच्या ट्रिनिटीत गणित, मध्येच महायुद्ध आणि पुरवठा मंत्रालयात नेमणूक. १९४७ मध्ये लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमध्ये वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक ब्रॅडफर्ड हिल यांच्या हाताखाली रुजू झालात. हिल काही गणिती नव्हते. क्षयाने डॉक्टरकी हुकली म्हणून अर्थशास्त्र शिकलेला माणूस. १९६१ मध्ये त्यांची खुर्ची तुमच्याकडे आली, पुढे १९७६ मध्ये ऑक्सफर्ड.

युद्धकाळात तुमच्या खात्यात एक रीत घडत होती. ठरलेला सगळा नमुना तपासत बसायचं नाही. एकेक नग बघायचा आणि पुरेसं कळलं की थांबायचं. ती तुम्ही दवाखान्यात आणलीत. रुग्णांची जोडी घ्यायची, एकाला हे औषध, दुसऱ्याला ते. ज्याला जास्त गुण येईल त्याप्रमाणे आलेखाच्या कागदावर रेघ एक घर वर किंवा एक घर खाली. दोघांना सारखाच गुण आला तर ती जोडी सोडून द्यायची. रेघ आधी आखलेल्या हद्दीला टेकली, की चाचणी बंद. कमअस्सल औषधावर आणखी माणसं विनाकारण अडकू नयेत, याची सोय त्या साध्या कागदात होती.

साथरोगतज्ज्ञ रिचर्ड डॉल यांच्याबरोबरचं १९५४चं काम तर डॉक्टरही ओळखतात. बऱ्याच कॅन्सरमध्ये मृत्यूचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतं, म्हणजे वय दुप्पट तर धोका ६४ पट. त्यावरून तुम्ही दोघांनी सुचवलंत, की पेशी सहा-सात टप्प्यांनी बिघडत असावी. जनुकं वाचता येण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या मृत्यूच्या नोंदींवरून! मला अजून नवल वाटतं.

पण माझं खरं देणं १९६९च्या एका कोष्टकाचं आहे, मॅकफर्सन आणि रो या सहकाऱ्यांसोबत केलेल्या. दोन औषधांत काडीचाही फरक नाही असं धरू. डेटा एकदाच बघितला तर 'फरक आहे' असं चुकून म्हणण्याची शक्यता ५ टक्के. दोनदा बघितला तर ८.३. पाचदा, १४.२. दहादा, १९.३. बघतच राहिलं तर कधी ना कधी नसलेला फरक सापडणारच.

आमच्या एका छोट्या चाचणीत मधल्या आढाव्याला पी (औषधांत फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०४ आला, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेच्या आत. "मॅडम, सिग्निफिकंट आलंय ना? मग थांबवू या की!" डॉक्टरांची तळमळ खरी होती. समोरच्या खुर्च्यांवर सगळे माझ्याहून वयाने, मानाने मोठे. मी तेवढं कोष्टक पडद्यावर लावलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग त्या डॉक्टरांनीच विचारलं, "बरं, पुढचा आढावा केव्हा?" तुमच्या आधाराशिवाय माझ्या 'नाही'ला त्या खोलीत कुणी विचारलं नसतं.

पोकॉक (१९७७), ओब्रायन आणि फ्लेमिंग (१९७९) या संख्याशास्त्रज्ञांनी पुढे याच दुखण्यावर वापरायला सोप्या मर्यादा दिल्या. पाच आढावे घ्यायचे तर पोकॉकच्या हिशेबाने दरवेळी पीची मर्यादा ०.०५ ऐवजी ०.०१५८. आमच्या नव्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, किती वेळा बघायचं आणि कुठे थांबायचं, हा परिच्छेद पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच लिहून झाला आहे, आणि यावेळी तो डॉक्टरांनीच आपणहून मागून घेतला.

मनापासून आभार, सर.

आपली,
औषधचाचण्यांची एक स्टॅटिस्टिशियन, पुणे